गणूची घरघर

कोल्हापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५२

आज गोदामातून दुपारीच पळालो. माझा पांढरा उंदीर, गणू, सकाळपासून तोंड उघडून धापा टाकत होता. दर श्वासाला घरघर. जोडीचा हमाल महादबा हसला, "आरं, मेला तर दुसरा धर की! पोत्यांमागं ढीगभर हायत." त्याला काय सांगायचं? गाव सोडल्यापासून माझं ऐकून घेणारं दुसरं हाय कोण?

त्याचं खोकं छातीशी धरून जनावरांच्या दवाखान्यात गेलतो. एक बैलवाला मागं सरला. "जा पावणं पुढं, माझ्या बैलाचा नुसता खूर दुखतोय."

डॉक्टरांनी झाकण काढलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या.

"कशावर झोपवतोस याला?"

"मिरचीच्या रिकाम्या पोत्यावर, साहेब. चांगलं झटकून घातलंय की."

"अरे शहाण्या, माझ्या नाकात आग झाली. तुला कळत नाही?"

खरंच कळत न्हाय. दोन वर्षं मिरची भरतोय. पहिले आठ दिवस खोकलो, मग काहीच वाटेनासं झालं.

आता खोक्यात धुतलेलं फडकं घातलंय, खोकं खिडकीत ठेवलंय. घरघर कमी झालीय. का मलाच तसं वाटतंय? रोज संध्याकाळी तो माझ्या सदऱ्यात शिरून बसायचा. सदराही त्या पोत्यासारखाच तिखट असणार. साबण लावून दोनदा अंघोळ केली, हात हुंगले. मला कसलाच वास येत न्हाय. म्हणून त्याला न शिवता लांबूनच बघत बसलोय.