डाग नसलेली पानं

४ ऑक्टोबर १८८७

परत स्वच्छ! लव्हिककडून आलेलं हे तिसरं पुस्तक. बाकी कैदी दिवसभर जहाजाचे जुने डांबरी दोर पिंजतात आणि तेच हात पानांना लावतात. कोण कुठवर वाचून कंटाळला ते मी ठशांवरून घरबसल्या सांगते. पॉटरने प्रवासवर्णन अर्ध्यात सोडलं. चोर तो, पण अर्धं तरी वाचलंन्! आणि हा लव्हिक म्हणे स्वतः पुस्तकं लिहिणारा. गिरणीमालकाविरुद्ध लिहिलं म्हणून आत आलाय, तरी नाकावर माशी बसू देत नाही. तुरुंगाच्या कपाटातलं वाचायला कमीपणा वाटत असेल. आणि मी वेडी, त्याच्यासाठी पुस्तकं निवडत बसते!

७ ऑक्टोबर

जेवताना दादाला सांगून टाकलं. दादा इथला पाद्री. कैद्यांनी काय वाचायचं ते त्याच्या हातात. मटण कापता कापता म्हणाला, "उघडतसुद्धा नाही? मग लाड कशाला? महिनाभर काही देऊ नकोस. कोठडीत बायबल आहे, तेवढं पुरे."

"बरं होईल, जिरेल जरा," असं मीच म्हटलं.

१६ ऑक्टोबर, रविवार

देवा, काय करून बसले मी!

प्रार्थनेला पेटी वाजवत होते. समोरच्या बाकावर लव्हिक. स्तोत्राचं पान उलटायची वेळ आली तशी त्याने बाही बोटांवर ओढली आणि कापडानेच पान उलटलं. पुढचं चिकटलं होतं, ते हनुवटीने सोडवलं. बोटं काळीकुट्ट – आणि पानाला डाग नाही! माझा सूर चुकला. दादाने वळून पाहिलं.

वाचत होता तो. माझं प्रत्येक पुस्तक जपून वाचत होता. जीभ हासडून टाकावी माझी.

१७ ऑक्टोबर

दादाला सगळं सांगितलं. "आता तुरुंगाच्या साहेबांना कळवून बसलोय मी. माझंच हसं करून घेऊ? महिना काय, हां हां म्हणता जाईल."

"तुझा जाईल. त्याचा?"

"डॉर्कस, जेव."

जेवले. त्याचीही लाज वाटते.

२९ ऑक्टोबर

वॉर्डर ब्लंट कपाटाची किल्ली द्यायला आला होता. "बाई, तुमचा लेखक आताशा भिंतीशी पुटपुटतो. हटकलं तर म्हणे, पाठ होतं तेही विसरत चाललोय."

"पुस्तकं का बंद झाली ते सांगितलं त्याला?"

"सांगितलं की. पानांना डाग नाही, म्हणजे तू वाचत नाहीस. नुसता हात बघत राहिला."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एका बोलण्याने माणसाचं डोकं रिकामं करायला निघाले मी.

८ नोव्हेंबर

सरला एकदाचा महिना! माझ्या आवडीचं दिलं – बेटांच्या सफरीचं, जाडजूड. आत चिठ्ठी घालून माफी मागावी असं फार वाटलं. धीर झाला नाही. भित्री मेली!

१५ नोव्हेंबर

पुस्तक परत आलं. पानापानावर काळा अंगठा – कोपऱ्यात, नीट दाबून उठवलेला. मागच्या कोऱ्या पानावरसुद्धा.