डाव्या कानाची खूण

ऑरेगन, लाकूडतोडीची छावणी
१२ नोव्हेंबर १९१५

प्रिय हेस्टर,

पळपुट्या, पळपुट्या! दर पत्रात तेच. हो, पळालो. बाबांच्या खेळाच्या तंबूत रोज शिडीवरून पडून लोकांना हसवायचं मला जमेना, तुला जमलं. म्हणून तू कॅलिफोर्नियात सिनेमात, आणि मी इथं चिखलात झाडं पाडतोय. चार वर्षं झाली, आता तरी सोड की.

गेल्या रविवारी दुपारी एक फिरता सिनेमावाला आला. जेवणघराच्या खिडक्यांना पोती लावली, समोर चादर ताणली. त्याच्या जाहिरातीवर तुझं तोंड, खाली ‘बिनहाडाची हेस्टर’. ही माझी बहीण, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. आमच्यातला म्हातारा हाल्वर म्हणाला, “तुझी बहीण? मग रशियाची राणी माझी आत्या!”

तू पोलिसाला चुकवत छपरावर चढलीस. उडी पाण्याच्या पिंपात मारायची होती, पडलीस पिंपाच्या कडेवर. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, हेस्टर. सगळ्यांत मोठ्यानं. मग तू उठलीस, टोपी सरळ केलीस आणि डावा कान धरलास.

बाबांचा नियम. खरंच लागलं तर ओरडायचं नाही, डावा कान धरायचा. मग दुसऱ्यानं कोलांट्या मारत जायचं आणि लोकांना कळू न देता त्याला पडद्याआड न्यायचं. तो दुसरा मी होतो. तू कान धरून उभी राहिलीस आणि कोणीच आलं नाही. तिथला कॅमेरावाला कॅमेरा फिरवतच राहिला. शेवटी तू लंगडत पळालीस, तर त्या लंगडण्यालाही हशा!

हाल्वर ओरडला, “पुन्हा लाव!” पुन्हा लावलं. तू पुन्हा पडलीस, पुन्हा कान धरलास. तिसऱ्यांदा मी चादरच ओढून खाली पाडली. दोघेतिघे मारायला धावले. तेव्हा मी त्यांना कानाचं सांगितलं. मग त्यांनी उगारलेले हात खाली घेतले.

सिनेमावाला म्हणाला, हा वसंतात काढलाय. जूनमध्ये तू लिहिलं होतंस, ‘पाय जरा मुरगळलाय, बाकी मजेत.’ आणि आता लिहितेस, नव्या सिनेमात धावत्या आगगाडीवरून उडी आहे. त्याच पायावर? बाई गं, जाहिरातीत काहीही लिहू देत, तुला हाडं आहेत.

ती उडी मारू नकोस. आधी हाडाच्या डॉक्टरला पाय दाखव. बर्फ पडलं की इथलं काम थांबतं; नाताळाच्या आत मी तुझ्याकडे येतो. तू कान सवयीनं धरला असशील. पण मी पाहिलाय, आता मला यायलाच हवं.

तुझाच पळपुट्या,
ऑरिन

ता. क. सोबतचे पैसे परत पाठवू नकोस, माझ्या एकट्याचे नाहीत. हाल्वरनं स्वतःच पैसे गोळा करायला सगळ्यांपुढं टोपी फिरवली. जे जे हसले, त्या सगळ्यांनी टाकले. माझे धरून त्रेसष्ट डॉलर.