एकशे बारा गाजरं

४ जून
कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. घरीही सेफ्टी हवीच. बाजारातल्या भाजीवर काय फवारतात, देव जाणे. संकल्प: गॅलरीत गाजरं लावणे. पाकीट आणलं. माती कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवरून, दोन पोती, फुकट. ही म्हणाली, तुमची म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. म्हटलं, खायला तरी मिळेल! निरुत्तर होऊन आत गेली. (दूध उतू जात होतं.)

१५ जून
उगवली! पाकिटावर 'साठ बिया' लिहिलंय. रोपं मोजली तर एकशे बारा. हाताला गुण असावा लागतो.

२ जुलै
पाणी घालायचं काम चिमणीकडे दिलं. सहा वर्षांच्या मुलीला जबाबदारी हवी, शिवाय मोकळ्या हवेने फुफ्फुसं मजबूत होतात. पानं पाकिटावरच्या चित्राशी ताडून पाहिली. थोडा फरक आहे. चित्रकाराला गाजर कळत नाही.

११ जुलै
चिमणीला शिंका. माझ्या मनगटांना पुरळ. साबण बदलला होता, त्याचंच काम. साबण बंद.

१४ जुलै, सकाळी ६.३०
चिमणीची छाती वाजतेय. झोपेत बारीक शिट्टीसारखा आवाज.
दुपारी: डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आसपासच्या कशाची तरी ॲलर्जी आहे, शोधून काढा. पंप दिला. शोधून काढणं हा तर माझाच प्रांत!

१५ जुलै
विषारी झाडांचे एकोणीस व्हिडिओ पाहिले. बापरे. आपण मरणाच्या दारात संसार मांडलाय. हॉलमधल्या डिफेनबाखियाचं पान चावलं तर जीभ सुजते, वाचा जाते. खालच्या काकांची कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विष, थेट हृदयावर. कारखान्यातून 'धोका' लिहिलेले सहा लाल बोर्ड आणले.

१६ जुलै
डिफेनबाखिया कचऱ्यात. ते हिला आईने दिलेलं, त्यामुळे अबोला. काकांना कण्हेर तोडायला लावली. ते म्हणाले, बायकोने लावली होती, वीस वर्षं तिच्याखाली बसतोय, मला तर काही झालं नाही. मी ऐकलं नाही. पोरीच्या जिवापुढे काका कोण? झाड पडायच्या आधीच ते आत निघून गेले. पाच बोर्ड लावून झाले, एक उरला.

१८ जुलै
उतार नाही. उलट जास्तच. चिमणी दोन शब्द बोलते, थांबते, मग तिसरा. मी दिवसभर तिचे श्वास मोजतोय. सगळ्या घरात एकच जागा शंभर टक्के सुरक्षित: गॅलरी. तिची गादी गाजरांशेजारी हलवली.

१९ जुलै, सकाळी
ओठ निळे पडले. हॉस्पिटल. ऑक्सिजन. मास्क तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा आहे. मला भीती वाटते. दुसरं काही सुचत नाही.

२२ जुलै
तीन दिवसांत तिथे ठणठणीत! डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कण्हेर तोडल्याचा परिणाम. त्यांनी पंपाची चिठ्ठी लिहून हातात ठेवली. कौतुक पोटात ठेवलं असेल.

त्याच दिवशी, दुपारी
ताई आली होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून मुद्दाम गॅलरीत नेलं. म्हटलं, बघ, पांढरी फुलंसुद्धा आली. ती उंबरठ्यातच थांबली आणि रुमाल नाकाला लावला. म्हणाली, गाजरं नव्हेत रे, गाजरगवत आहे. पानांनी पुरळ येतं, फुलांच्या परागांनी दमा उठतो. तुझ्या फुकटच्या मातीतून आलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, असंही म्हणाली. हाताला पिशवी गुंडाळून तिने एक उपटलं. खाली सुतळीएवढं पांढरं मूळ.
एकशे बारा. रोज पाणी चिमणीच्या हातचं. गादी मी हलवली.
पुंगी वाजली. पोरीच्या छातीत वाजली.

२६ जुलै
गॅलरी रिकामी, धुतलेली. काकांकडे गेलो होतो. दार उघडलं नाही. उद्या परत जाणार.
चिमणी घरी आली. उरलेला बोर्ड हिने माझ्या टेबलावर उभा केलाय. चिमणीने अक्षर अक्षर लावून वाचला, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, पण इथे तर नुसता बाबाच आहे.