लासूरच्या मोसंबीचा लॉट

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून मुरंब्यासाठी मोसंबीच्या सालीच उकळते आहे. तू पडेगावच्या स्वयंपाकघरात एका पातेल्यात उकळायचीस, कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचीस. मी वाळूजच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्यांत उकळते, आणि जाळीची टोपी घातल्याशिवाय मलाच माझ्या शेडमध्ये पाऊल टाकता येत नाही. सोलायला बजाजनगरच्या बाया येतात. तू औरंगाबाद म्हणायचीस, आता बरणीवर छत्रपती संभाजीनगर छापतो. त्यासाठी सगळी लेबलं नव्यानं करून घ्यावी लागली, तेव्हा मला वाटलं होतं, परदेशात माल पाठवण्यातली हीच काय ती कटकट.

खरी कटकट सालीत असते. आपल्याकडं दुकानात सहज मिळणारी काही फवारणीची औषधं तिकडं पूर्ण बंद आहेत, आणि ती सालीतच मुरून बसतात. म्हणून फळाचा प्रत्येक लॉट शिजवण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, हा माझाच नियम होता. त्या हंगामात ठरलेल्या बागांचं फळ कमी पडलं. जहाजाची तारीख बांधलेली, म्हणून मी लासूरला दादाला फोन केला, त्याचीही मोसंबीचीच बाग. फवारणीचं विचारलं तर तो म्हणाला, बंद औषध एक बी मारलं नाय. दुसऱ्या दिवशी लासूरहून टेम्पो भरून आला. आमच्या सुपरवायझर बाईंनी विचारलं, नमुना काढायचा ना? मी क्रेटपाशी उभी राहिले आणि मला तू आठवलीस. एकदा दादानं मळ्यातून दूध आणलं होतं, आणि पाहुण्यांसमोर मी विचारलं होतं, यात पाणी तर नाही ना? तू हातातली पळी खाली ठेवलीस. "सख्ख्या भावाला जाब इचारतीस व्हय?" एवढंच म्हणालीस आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मी बाईंना सांगितलं, घरचं फळ आहे, घ्या सोलायला.

माल तिकडच्या बंदरात अडकला. त्यांच्या तपासणीत तिकडं बंद असलेलं एक औषध निघालं होतं. बरणीवरच्या लॉट नंबरवरून त्यांनी विचारलं, हे फळ कुठल्या बागेतलं, ते औषध त्यात कसं आलं, आणि पुन्हा येणार नाही याची हमी काय. मी तडक लासूरला गेले. दादानं शेडमधून रिकामी बाटली काढून दिली. दुकानदारानं नव्या नावाचं म्हणून दिलेलं औषध. लेबलावर अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत दोन औषधांचं मिश्रण लिहिलेलं, त्यातलं एक तेच. दादा खोटं बोलला नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. मी बाटली हातात धरून बांधावर बसले. कुणावर चिडावं तेच कळेना.

निर्यातीची कागदपत्रं बघणारे सल्लागार म्हणाले, "ताई, अहवालात बागवाल्यानं फसवलं असं लिहा. बागवाला बदलला म्हणायचं, फाइल बंद. तपासलंच नाही असं लिहिलंत तर गिऱ्हाईक हातचं गेलं समजा." बागेचं नाव तर अहवालात जाणारच होतं. प्रश्न फक्त 'फसवलं' या एका शब्दाचा होता. तो लिहिला तर शेड वाचत होती, बायांचं काम वाचत होतं. मी घरी गेले तरी तो शब्द डोक्यात, जेवायला बसले तरी तोच. नवरा म्हणायचा, लिहून मोकळी हो. मला मोकळं व्हायला जागाच दिसत नव्हती.

मग एक दिवस दादाच शेडवर आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. दाराशी चपला काढल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला, "लिही फसवलं म्हणून. मला कुठं परदेशी जायचंय? तुझं चालू राहू दे." लासूरच्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात. असा शिक्का बसला की कुठलाच निर्यातवाला त्याच्या बागेत पाऊल ठेवणार नाही, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. मी त्याला म्हटलं, तू जेवून जा. तो जेवला नाही.

मी फसवलं हा शब्द लिहिला नाही. मिश्रणाचं कळवलं, बाटलीचा फोटो जोडला, आणि फळ न तपासता घेतलं, चूक माझी, असं लिहिलं. माल तिकडंच नष्ट केला त्यांनी. गिऱ्हाइकाची गोड भाषेतली मेल आली, आणि त्यानंतर काही नाही. नवं गिऱ्हाईक शोधते, तर ते आधी तो जुना अहवाल काढून दाखवतात. शेड बंद करावी तर बाया कुठं जातील, आणि चालू ठेवावी तर गावातल्या दुकानांत किती मुरंबा खपणार? तरी रोज सकाळी टोपी घालून आत जाते. अहवालात बागेचं नाव गेलंच, त्यामुळं दादाकडंही आता कुणी निर्यातवाला फिरकत नाही. काही फवारायचं असलं की तो मला बाटलीचा फोटो पाठवतो, आणि मी तो मोठा करून वाचत बसते. कधीकधी मलाही नीट कळत नाही. तसं मी त्याला सांगते, मग तो फवारत नाही, आणि फळ गळतं.

हे मी कुठं पाठवणार? तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. माल अडकला त्या दिवसांत घरी येणारा जो तो म्हणायचा, आई असती तर आधार झाला असता. मी मान हलवायचे. खरं सांगू, तू नाहीस याचं मला तेव्हा बरं वाटायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, भावाचं नाव येऊ देऊ नको. आणि तुझं ऐकून मी दुसऱ्या कुणाच्या तरी बागेचं नाव लिहिलं असतं.