तुमचे भाऊ हल्ली मासे मागतात

प्राग

न्यान वन्संना वहिनीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे शाबूत आहेत, कारण इथे लिफ्ट आहे, त्यांना कामच नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर सून शेजारीच बसते. (तुएत वाईट नाही, पण इथेच जन्मली, दूध-पावावर वाढली.)

लेकाच्या, खिएमच्या घरी सकाळी पाव, दुपारी पाव, पाहुणे आले की पावावर चीज. सहा महिन्यांत आपल्या कुलिंजनाच्या मुळ्या घालून शिजवलेल्या माशाची अशी आठवण झाली, की तशी तुमच्या भावाचीही कधी झाली नव्हती. शेवटी गॅलरीत शेगडी मांडली, मातीचं भांडं चढवलं. तीन तासांनी मासा जरा रंगावर येतोय, तोच समोरच्या बाईने आगीचा बंब बोलावला. चार धिप्पाड पुरुष, डोक्यावर टोप, आणि माझ्या माशावर पाणी! त्या दिवसापासून मला स्वैपाकघर बंद. "आई, पुन्हा हा वास नको," सून म्हणाली, आणि लेक भिंतीकडे बघत बसला.

म्हटलं ठीक. जिवंत आईला नाही म्हणता येतं, मेलेल्या बापाला कसं म्हणाल? अमावास्येला सांगितलं, हे स्वप्नात आले होते, मासा मागत होते. (कृतीसकट आले होते.) सुनेने मुकाट्याने रांधला, यांच्या फोटोपुढे ठेवला. उदबत्ती विझेपर्यंत मी कसाबसा धीर धरला (खिएम लांबच लांब उदबत्त्या आणतो, मेला), मग बसले ती भांडं पुसूनच उठले. पौर्णिमेला यांनी खेकड्याचं सार मागितलं. पुढच्या अमावास्येला परत मासा, डोक्यासकट.

आता खिएमला शंका आलीय. "आई, काटा अडकल्यापासून बाबा माशाला शिवत नसत ना?" म्हटलं, तू परदेशी गेल्यावर खायला लागले. "मग आत्यालाच विचारतो," म्हणतो. यांच्या श्राद्धाच्या दिवशी तुम्हाला फोन करणार आहे.

बाकी सगळं बरं. जपून राहा.

तुमची वहिनी

ता. क. तो काटा तुम्हीच पाठीत बुक्के घालून काढलात, ठाऊक आहे मला. विसरा. खिएमला सांगा, दादा शेवटी शेवटी डोकंसुद्धा चोखून खायचा. नाही सांगितलंत, तर पुढच्याच विमानाने तुमच्याकडे राहायला येते.

आणखी एक. काल दुपारी डोळा लागला, तर हे खरोखरच आले. अंड्याची पोळी मागत होते, जन्मभर मागितली तशी. म्हटलं, बसा जरा. आधी वन्संचा फोन होऊ दे.