गाणं संपल्यावरची काळी पट्टी

सोमवार, बारा तारीख
सकाळ, दुसरा चहा झाल्यावर

चि. मनीस,

आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो आणि मी त्याच्या मागून. वरच्या बाईंनी कुंड्यांना पाणी घालताना माझ्या वाळत टाकलेल्या शर्टावर पुन्हा चिखल पाडला.  मी तो शर्ट त्यांच्याच दाराच्या कडीला अडकवून आलो.

तुझं पत्र मिळालं. मागची खोली रंगवून घेतलीय, आता कारणं पुरे, राहायला या, असं लिहिलंयस. खोली चांगलीच असणार. पण मी इतक्यात येत नाही. कारण विचारशील म्हणून आधीच सांगतो. तुझ्या घरात कुणीतरी हातचलाख माणूस आहे.

रागावू नकोस, पुढे वाच.

गेल्या महिन्यात जावईबापू माझ्या तीन रेकॉर्डी घेऊन गेले. ओळखीच्या माणसाकडे यंत्र आहे, छान धुऊन आणतो, म्हणाले. मी का कू करत होतो, तर तूच मागून म्हणालीस, "द्या हो बाबा, ते काय खाणार आहेत?" रेकॉर्डी परत आल्या चकचकीत होऊन. दोन ठीक होत्या. तिसरी म्हणजे आईची. कव्हर तेच, दात येत असताना तू कोपरा चावला होतास ते. लेबल तेच लाल. लावली. गाणं नेहमीसारखं वाजलं, मग सुई आत सरकली आणि नुसती खरखर. आई काही बोललीच नाही.

आधी वाटलं, माझेच कान गेले. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, "आजोबा, कान तरण्याताठ्या माणसाचे आहेत, काय ऐकू येत नाही ते सांगा." आता त्याला काय सांगू? बायको ऐकू येत नाही म्हणून? गप घरी आलो आणि भिंग काढलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे माझ्याच डोक्यात नीट लागेल. गाणं संपतं तिथून लेबलापर्यंत एक गुळगुळीत काळी पट्टी असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की त्या पट्टीवर बारीक नंबर दिसतो, आणि त्याच्या शेवटी ती कितव्या साच्यातून निघाली तो आकडा. कव्हर बदलता येतं, लेबल नवं चिकटवता येतं, पण त्या पट्टीवरचं काही कुणाला बदलता येत नाही.

रेकॉर्डी काढायच्या कारखान्यात माझं काम ऐकण्याचं. नव्या साच्यातली पहिली रेकॉर्ड मी ऐकून पास करायची. त्या गाण्याच्या पहिल्या साच्यात, गाणं संपल्यावर, कोरसमधली कुणी मुलगी स्वच्छ आवाजात बोलली होती, "झालं ना एकदाचं? भूक लागलीय मला." साहेबांनी डोक्याला हात लावला. साचा मोडला, दुसरा केला, त्यात त्या मुलीचं बोलणं कापलं. पहिल्यातली एक रेकॉर्ड मी मागून घेतली. पुढे शोधून शोधून त्या मुलीलाही घरी आणलं. तिच्या रेकॉर्डवर नंबराच्या शेवटी एक हा आकडा आहे, आणि त्याच्या शेजारी साच्यावर नंबर कोरणाऱ्यानं हातानं ओढलेली तिरकी रेघ.

आता माझ्याकडे आहे तिच्यावर दोन आहे. रेघ नाही.

तेव्हा माझा संशय सरळ जावईबापूंवर गेला. रेकॉर्डी परत देताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. चहा नको म्हणाले, आणि ते चहा नको म्हणाले असं कधी झालंय? कुणा शौकिनाला दिली असणार, असं मी ठरवूनही टाकलं. चार रात्री मनातल्या मनात त्यांची उलटतपासणी घेतली आणि दर वेळी त्यांना कबूल करायला लावलं.

पण मने, हा माणूस रेकॉर्ड शर्टाच्या टोकानं पुसतो. पट्टीवर नंबर असतो हे त्याला माहीत नाही. एकाच गाण्याचे दोन साचे झाले हे त्याला कुठून कळणार? आणि चोरायचीच होती, तर तीच दुसरी शोधून परत आणून ठेवायची उठाठेव तो कशाला करेल?

मग मी जुन्या बाजारात गेलो. आपला दाढीवाला रेकॉर्डवाला अजून तिथेच बसतो. त्याला सहज विचारलं, हे गाणं इतक्यात कुणी नेलं का? तो हसायला लागला. म्हणाला, "काका, इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. सगळे पहिल्या साच्याची, एक नंबरची मागतात. एक बाई आल्या, रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून बघितली, आणि म्हणाल्या, दोनचीच हवी होती, हीच द्या."

मी त्याला बाईंचं वर्णन विचारलं नाही.

रेकॉर्ड तशी धरायला मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं. आकडे तू शाळेत नाही, माझ्या मांडीवर बसून त्या पट्टीवर शिकलीस. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी पत्रात खोलीच्या रंगाबद्दल लिहितेस.

मागितली असतीस तर दिली असती, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. आई गेल्यावर तू एकदा म्हणाली होतीस, मोबाइलवर तरी उतरवून घेऊ द्या, मलाही ऐकावीशी वाटते. मी म्हणालो, आईला मोबाइलात कोंबायचं नाही.  तू गप्प बसलीस तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तरी एक शंका राहतेच. तुला तिचा आवाज हवा होता म्हणून नेलीस, की आई तिकडे गेली की म्हातारा आपोआप मागून येईल, म्हणून? दुसरं असेल तर तू माझी मुलगी शोभतेस. पहिलं असेल तर मला फार वाईट वाटेल. कोणतं ते सांगू नकोस. आणि जावईबापूंना उलटतपासणीचं बोलू नकोस. बिचाऱ्यांना निरोप्या केलंस तू.

वर येत नाही लिहिलंय खरं, पण शनिवारी येतो. कपड्यांची पेटी घेऊनच. नवी सुई पाकिटात घालून सोबत पाठवतोय, ती बसव. जुन्या सुईनं लावू नकोस, ती आवाज खरवडून नेते. बेल वाजली की दार उघडायला धावू नकोस. आधी रेकॉर्ड लाव, मग कडी काढ, आणि बाजूला हो.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहीन. गाणं तर दोन्हींवर आहे, त्यावर माझा विश्वास नाही. गाणं संपल्यावर आतून कुणी भूक लागली म्हणालं, तर आत येईन.

तुला चांगले ओळखून असलेले,
बाबा