आईच्या बायबलचा कापलेला समास

४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पोचलं. तब्येत बरी आहे असं लिहितेस, पण वसतिगृहातल्या जेवणाबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे ते कसं असेल ते मी समजलो.

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकवतात, की जलप्रलयासारखी गोष्ट बायबलमधल्या लोकांच्या शेजाऱ्यांनी आपल्या शास्त्राच्याही आधी मातीच्या विटांवर लिहून ठेवली होती म्हणे. आणि तू हे अशा थाटात कळवतेस, जसं काही बाजारात कांदे स्वस्त झालेत. ठमे, मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय. शिलाई उसवली की आधी एक पान सुटतं, मग गठ्ठा सुटतो, मग हातात नुसता पुठ्ठा राहतो. तुझं तसं होईल अशी मला धास्ती वाटते. पाळकांना विचारलं, तर त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

स्पष्टच लिहितो. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्यामागे संध्याकाळची प्रार्थना तू चालवलीस. आता मी आणि आत्या कसंबसं भागवतो. पण तुझाच पाय घसरला तर या घरात देवाशी बोलणारं कोणी उरणार नाही. म्हणून सहामाही संपली की सामान घेऊन परत ये. शिकलीस तेवढं पुष्कळ झालं.

लोभ आहे, म्हणूनच ही कटकट.
तुझे बाबा


१३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सप्रेम सलाम वि. वि.

जेवण बरं आहे. भाजी ओळखू येत नाही, एवढंच.

बाबा, तुमच्यापासून लपवून काय करू? पहिल्या महिन्यात माझ्याही पायाखालची जमीन सरकली होती. पण मी प्रार्थना सोडलेली नाही. फक्त आता तीत प्रश्न जास्त असतात. इथे आम्ही एकेक उतारा घेऊन विचारतो, की हा कोणी म्हटला, कोणासाठी, कुठल्या प्रसंगात. गाव जळालेली, देशोधडीला लागलेली माणसं डोळ्यांसमोर आली की त्याच ओळी वेगळ्या ऐकू येतात.

माझा निबंध बायबलमधल्या गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांवर आहे. त्यांची एक ठरलेली घडण असते. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं, आणि शेवटी बहुधा आभार. त्या काळच्या आजूबाजूच्या लोकांची गाऱ्हाणीही साधारण अशीच असत. पण अठ्ठ्याऐंशीवं काढून बघा. त्याला शेवटी उजेडच नाही, तक्रार करत करत ते अंधारात संपतं. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही, आणि त्याला गोड शेवटही चिकटवला नाही. मला हे वाचून रडू आलं, आणि बाईंच्या तासाला रडणारी मी एकटीच.

सहामाहीला मी नक्की येईन, पण सामान इथेच ठेवून. एक मागणं आहे. आईचं बायबल पाठवाल? ती पुस्तक आडवं धरून कडेच्या समासात पेन्सिलने काहीबाही लिहायची. ती कुठे कुठे थांबायची ते मला बघायचंय.

राग असला तरी चालेल, लोभ त्याच्या वर असू द्या.
तुमची ठमी


२२ ऑगस्ट

चि. ठमीस,
आत्याचे आशीर्वाद.

तू काय लिहिलंस देव जाणे, पण तुझं पत्र वाचून माझ्या भावाच्या तोंडचं पाणी पळालं. विचारलं तर म्हणतो डोकं दुखतंय. गेले चार दिवस बिस्किटाच्या डब्यातल्या कागदाच्या बारीक पट्ट्या घेऊन बसतो. कचरा समजून मी डबा उचलला, तर माझ्यावर खेकसला. साठी आली तरी स्वभाव तोच. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही.

आणखी एक. त्याने तुला कळवलं नसणार. तू गेल्यापासून घरात प्रार्थना झालेली नाही. संध्याकाळी मी पुस्तक आणून ठेवते, हा चष्मा पुसत बसतो. मी सुरू करते म्हटलं तर उठून जातो. तू याला एकदा विचार बाई, माझं तो ऐकत नाही.

वेळेवर जेव. लोभ तुझ्याकडून पत्रातून यावा, नुसता मनात नको.
आत्या


२४ ऑगस्ट

चि. ठमीस,
आशीर्वाद.

आत्याने कागाळी केली असणारच. ती खरी आहे. पण आधी माझा गुन्हा ऐक.

आईचं बायबल मी पाठवू शकत नाही. तू सुट्टीत आलीस की हातात ठेवावं म्हणून मी ते जुलैतच नव्याने बांधलं. चांगली शिलाई घातली, निळं कापड लावलं. शेवटच्या आजारात त्यावर खोकल्याचं औषध सांडलं होतं, तो तपकिरी डाग कडेला दिसायचा. तो जावा म्हणून पानांच्या कडा नेहमीपेक्षा जास्त कापल्या. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतो, की समासात काही लिहिलंय का. घरच्या पुस्तकाला कोण विचारणार? कापायच्या यंत्राचं पातं खाली आलं आणि मग कात्रणांवर मला तिचं अक्षर दिसलं.

पट्ट्या डब्यात ठेवल्यात, पण सगळ्यांची सरमिसळ झाली आहे. अक्षरं शाबूत आहेत, पण कुठल्या पानाची ते कळत नाही. एका पट्टीवर सहा तारखा आहेत, सगळ्या तिच्या शेवटच्या दोन महिन्यांतल्या, आणि खाली 'आज इतकंच' एवढंच. ही तेविसाव्या, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' या स्तोत्राजवळची असेल. तेव्हा काय वाचतेस असं विचारलं की ती तेच सांगायची.

आता दुसरं. ती आजारात एकदाही कुरकुरली नाही. आणि मी डोळे मिटले की तोंडात फक्त तक्रार येते. तिच्या खुर्चीसमोर बसून देवाला ते ऐकवायची मला लाज वाटते. मला तुझ्या श्रद्धेची काळजी होती म्हणून लिहिलं, ते अर्धं खरं. तुझ्या आधारावर मी उभा होतो, हे उरलेलं अर्धं.

रागवलीस तरी लिही.
बाबा


२ सप्टेंबर

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

पत्र वाचून मी रडले, आणि रागवलेही. दोन्ही करून झालं, आता कामाचं लिहिते.

जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांचे तुकडे जुळवताना माणसं आधी अक्षरं बघत नाहीत, डाग बघतात. गुंडाळीत ओल शिरली की एकच डाग वेढ्यागणिक लहान होत जातो, त्यावरून तुकड्यांचा क्रम लागतो. औषधाचा डाग तुम्ही पूर्ण कापला नसणार, थोडा पानांवर राहिलाच असेल. पट्टीवरचा डाग पानावरच्या डागाला लावून बघा. जिथे तो सगळ्यात मोठा, तिथे औषध सांडताना पुस्तक उघडं होतं.

हे काम माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल. आणि बाबा, तक्रारीची लाज बाळगू नका. निम्मं स्तोत्रांचं पुस्तक तुमच्याच बाजूने आहे.

घाई करू नका, चष्मा लावा, आणि माझ्यावरचा लोभ आत्याच्या हाती देऊ नका, ती अर्धा ठेवून घेईल.
तुमची ठमी


१५ सप्टेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद आणि सलाम.

तू सांगितलंस तसं केलं. दुकान बंद ठेवून तीन दिवस बसलो. आत्या पट्ट्या चिमट्याने उचलून देत होती आणि बोलत होती. पहिलं काम मधूनमधून थांबे, दुसरं नाही.

तारखांच्या पट्टीवरचा डाग सगळ्यांत मोठा निघाला. मी ती मेंढपाळाच्या स्तोत्राला लावली. तिथे डागच नाही. मग पानं उलटत गेलो. डाग सुरू झाला, वाढत गेला आणि एका ठिकाणी पट्टी अशी बसली की कापलेलं दिसेना. ते तुझं अठ्ठ्याऐंशीवं होतं, ठमे. जिथे ते अंधारात संपतं, बरोबर त्याच्या बाजूला 'आज इतकंच'.

औषध सांडलं तो दिवस मला आठवला. मी खोलीत शिरलो आणि तिने घाईने पुस्तक मिटलं, तेव्हाच बाटली आडवी झाली. काय वाचतेस विचारलं, तर हसून म्हणाली, मेंढपाळाचं. मी ऐकून घेतलं आणि फडकं आणायला गेलो. सहा वेळा तिने हे एकटीने वाचलं, आणि मी बाहेर पुठ्ठे कापत होतो. याचं मला फार वाईट वाटतं, आणि खरं सांगतो, बरंही वाटतं.

पट्ट्या पातळ कागद लावून जिथल्या तिथे चिकटवतोय. कडा वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. असलं काम गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने माझ्या डोक्यात घातलं असतं. सहामाहीला येशील तेव्हा घेऊन जा. सामान तिथेच राहू दे.

काल संध्याकाळी दिवा लावल्यावर आत्याने पुस्तक समोर ठेवलं. मी चष्मा पुसला नाही. ते स्तोत्र शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं आणि डोळे मिटले. शेवटी म्हटलं, देवा, आज इतकंच. आत्या आमेन म्हणाली.

लोभ तिघांचा आहे.
तुझे बाबा